पाहुणे उपाशी गेले त्या उन्हाळ्यात

आमच्या घरात सकाळी पहिला वाद व्हायचा तो नानांच्या बंडीवरून. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझे चुलते. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायचे. ते बंडी उलटी घालायचे, शिवणी बाहेर आणि सुलट बाजू अंगाला. माय धुतलेली बंडी सुलटी करून घडी घालायची आणि नाना तिची घडी मोडून पुन्हा उलटी करायचे. "भावजी, लोक म्हनतील ह्यांच्या घरात बाईमानूस न्हाई," माय चुलीपुढून म्हणायची. नाना शांतपणे म्हणायचे, "लोकांना कुठं टोचतीय शिवण? मला टोचतीय." हे रोज व्हायचं. दोघांपैकी कुणी कधी रागावलं नाही आणि कुणी कधी ऐकलंही नाही. मला आता वाटतं, मायला ती बंडी उलटीच घडी घालून ठेवता आली असती. पण मग नानांशी बोलायला तिच्याकडे दुसरं काय होतं?

कारण नाना दुसरं बोलायचे ते विहिरींबद्दल. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या आजूबाजूला दहा-बारा गावं, त्यांतल्या प्रत्येक विहिरीला किती परस पाणी आहे, कितव्या हातावर खडक लागला, कुठल्या बाजूचा झरा गोड आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. परस म्हणजे माणसाची उंची, विहिरीची मोजणी तीच. कुणी पाहुणा आला, हातपाय धुऊन टेकला, की नाना समोर जाऊन बसायचे आणि विचारायचे, "तुमच्या हिरीला पानी किती?" मग अर्धा तास पाहुण्याची सुटका नसायची. पाहुणा जांभया द्यायचा, टोपी उचलायचा, उठून उभा राहायचा. नाना बोलतच असायचे. गावातल्या पोरांनी त्यांचं नाव 'बारव' ठेवलं होतं. रात्री ते घरात झोपत नसत. गोठ्याच्या कडेला कडब्याच्या आडोशाला त्यांची एकट्याची जागा होती आणि तिथं दुसऱ्या कुणी बसलेलंही त्यांना चालत नसे. गोधडी ते कधी पांघरत नसत, अंगावर वजन आलं की जीव गुदमरतो म्हणायचे. लग्नाचा बँड वाजायला लागला की कानांवर हात ठेवून रानाच्या दिशेनं चालू लागायचे, मग ते लग्न सख्ख्या भाचीचं का असेना.

मी नानांसारखी नव्हते, असं माझं ठाम मत होतं. मी बोलायचीच नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरताना जो आवाज येतो तो मला इतका आवडायचा, की दळण झाल्यावरही मी डबा घेऊन तिथंच उभी राहायची, गिरणीवाला म्हणायचा, "शकू, आता तुलाच दळू का?" पण कुणी वाटीतली आमटी चमच्यानं खरवडली की माझ्या दातांच्या मुळांपर्यंत कळ जायची. ह्याचं आणि नानांच्या त्या शिवणीचं काही नातं असेल असं तेव्हा कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. नाना 'येडपट' होते आणि मी 'घुमी' होते. दोन वेगळे शब्द होते, म्हणून दोन वेगळ्या गोष्टी.

आता आमच्या घरात तिसरा आहे. माझ्या भावाचा नातू ओम, अकरा वर्षांचा. चार वर्षांचा होईपर्यंत तो बोलला नाही आणि आता थांबत नाही. ठिबक सिंचनाच्या नळ्या, त्यांचे जोड, टोप्या, हे त्याचं जग. ताटात भाताला आमटी लागली की तो जेवण सोडतो. त्याला नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा मी सोबत होते. त्या म्हणाल्या, पूर्वी ह्याला ऍस्परजर म्हणायचे, आता ऑटिझमच्या मोठ्या पट्ट्यातच धरतात. मी भीत भीत विचारलं, "पण बाई, आमच्या नानांना गोधडी सोसत नव्हती, आणि हा तर घट्ट गुंडाळल्याशिवाय झोपत नाही. नाना माणसाला हात लावू द्यायचे नाहीत, हा येईल त्याच्या गळ्यात पडतो. मग एकच कसं?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या सगळ्यांची नाकं तरी सारखी आहेत का?" मी घरी येऊन खरंच सगळ्यांची नाकं बघितली.

नाकांचं जाऊ द्या. मला सांगायचं आहे ते मी बारावी झाले त्या उन्हाळ्याचं.

आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजाची पायरी चढलं नव्हतं. आबा चौथी, माय अंगठा. शाळेतल्या एका बाईंनी बीडच्या कॉलेजाचा फॉर्म मला आणून दिला होता आणि मी तो पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी सपाट ठेवला होता. आबांना माहीत होतं. ते म्हणाले होते, "एक स्थळ आलंय. जमलं तर तो कागद चुलीत घाल. न्हाई जमलं तर मग बघू." त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. आमच्याकडच्या बारावी झालेल्या पोरीसाठी हे बरंच मोकळं बोलणं होतं. पण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका 'जमलं तर'वर येऊन थांबलं होतं, हे मला पक्कं कळत होतं.

स्थळ चकलांब्याकडचं होतं. मायच्या नात्यातले भगवानमामा मध्यस्थ होते. ते आदल्या दिवशीच येऊन सांगून गेले, "मुलाची आई लई बारकाईनं बघनारी हाय म्हनं. चहा-पोह्यावर भागत न्हाई तिचं. पोरीच्या हातचं वाढून घेनार. हाताला वळण हाय का बघनार." मायनं पहाटेच पुरण शिजायला टाकलं. गुळाचा आणि वेलदोड्याचा वास ओसरीपर्यंत आला. येसराचा मसाला घालून आमटी झाली, कुरडया तळल्या. मायनं माझी वेणी घालताना डोक्यावर दाब देऊन मला बजावलं. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात: "पाव्हणे म्हनतील तसं कर. एक शब्द उलटा बोलू नको."

मी तेच केलं.

पंगतीत वाढायचं काम माझ्याकडे तोवर कधी आलं नव्हतं. गोंगाटात मी ताटं पाडते म्हणून मला चुलीपाशी पोळ्या लाटायला बसवायचे. दुरून ऐकू यायचं: माणसं "नको नको" म्हणतात आणि बायका वाढतच राहतात. खरं सांगते, मला वाटायचं, धुरानं आणि गोंगाटानं वाढणाऱ्या बायकांना नीट ऐकू येत नसावं. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, तरी हातावरून पोळी सोडायची, तो "अहो मरतो आता" म्हणतो आणि मग खातो, ह्यालाच जेवू घालणं म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज असते असं कुणालाच वाटत नाही.

ओसरीवर चौघे बसले. मुलाचे वडील, चुलते, आई आणि मुलगा. पहिलं वाढप मायनं पानात मांडून दिलं होतं: प्रत्येकाला एक पोळी, तूप, आमटी, चमचाभर भात, कुरडई. मी दुसऱ्या पोळीची दुरडी घेऊन आले. मुलाच्या वडिलांनी ताटावर हात धरला. "नको नको, बास झालं." मी दुरडी पुढे नेली. चुलते म्हणाले, "आमाला तर कायच नको. येतानाच खाऊन निघालतो." मुलगा नुसता मान हलवून नको म्हणाला. त्याची आई म्हणाली, "मी आपली निस्ती चाखाया बसले बाई." मी दुरडीवर फडकं झाकलं, आत नेऊन ठेवली आणि हात धुवायला तांब्या-तस्त घेऊन बाहेर आले.

ओसरीवर एकदम शांतता झाली. मला ती आवडली. माझं काम बिनचूक झालं असं मला वाटत होतं. आबा खांबाला टेकून उभे होते, त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी त्यावर पाणी घातलं. आतल्या दुरडीत तीसेक पोळ्या तशाच राहिल्या होत्या. पाहुणे उठले, पाच मिनिटं सुपारी कातरत बसले आणि गेले.

दोन दिवसांनी भगवानमामांनी खबर आणली, की त्या चौघांनी रस्त्यावरच्या हॉटेलात थांबून दोन दोन प्लेट भजी खाल्ली. त्या भज्यांनी आमची जास्त बेअब्रू झाली. पाणवठ्यावरच्या बाया मला बघून म्हणायच्या, "शके, आज आमाला भूक न्हाई गं, जेवाया येऊ का तुमच्याकडं?"

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी आबांनी मला समोर बसवलं होतं. "मुद्दाम केलंस?"

"नाही."

"मग कावून केलंस?"

"ते नको म्हणाले."

"अगं, नको म्हनतातच मानसं! तेवढं बी कळंना तुला? बारावी झालीस ना?"

नाना कोपऱ्यात खाली बघत बसले होते. ते मध्येच म्हणाले, "दादा, ते नको म्हनले. हिनं न्हाई वाढलं. ह्यात हिचं काय चुकलं?" आबा त्यांच्यावर ओरडले, "तू गप बे! तुझ्याचपायी आलंय हे घरात." मग त्यांचं त्यांनाच काहीतरी लागलं असावं, कारण ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ बैलांपाशी उभे राहिले.

मुद्दाम केलं नव्हतं, हे मी इतक्या वर्षांनीही छातीवर हात ठेवून सांगेन. पण लिहायचं तर पूर्ण लिहावं. पाहुणे वळणावर दिसेनासे झाले तेव्हा मला कॉलेजचा फॉर्म आठवला होता, आणि मायचं रडणं ऐकतानाही मला हलकं वाटत होतं. ते हलकेपण लपवायचं कसं ते मला येत नव्हतं, म्हणून कुणी माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी भगवानमामा पुन्हा आले आणि हसतच आत शिरले. मुलाला मुलगी पसंत होती. आईचं म्हणणं एवढंच, की मुलीनं एकदा येऊन सांगावं, घाबरले होते, गोंधळ उडाला. "एवढं एक वाक्य हाय," मामा म्हणाले. "घाबरलेवते. झालं. सोयरीक पक्की." आबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हनशील ना?" मी म्हणाले, "पण मी घाबरले नव्हते." माय म्हणाली, "आगं, म्हनायला काय जातंय?" मला काय जात होतं ते तिला दिसत नव्हतं. फॉर्मची मुदत त्या आठवड्यात संपत होती.

आम्ही एसटीनं गेलो. आबा, मामा आणि मी. वाटेभर मामा माझ्याकडून ते वाक्य घोकून घेत होते आणि मी ते बरोबर म्हणत होते, कारण घोकणं मला जमतं. त्यांचं घर मोठं होतं. अंगणात पोरं, दोन जावा, शेळ्या, मिरच्या कांडणारी बाई, एका वेळी चार जणांचं बोलणं. मुलाची आई ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, बोटं मात्र भराभर चालत होती. मामांनी मला पुढे सरकवलं.

"काय गं पोरी," ती सुपातनं वर न बघता म्हणाली, "आमाला उपाशी कावून धाडलंस?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण तिनं 'कावून', म्हणजे का, ते विचारलं होतं, आणि ते वाक्य त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात."

मामांनी डोक्याला हात लावला. तिची बोटं थांबली. "आन हातावर पानी कावून आनलंस?"

"जेवण झालं की पाणी द्यायचं असतं."

"आमची तोंडं बघून कळलं न्हाई तुला?"

"मी तोंडाकडे बघत नाही," मी म्हणाले. "तोंड बघितलं की बोललेलं ऐकू येत नाही. एका वेळी एकच होतं."

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. हे असं कसं असतं, ह्याचं तिला नवल वाटत होतं, एवढं मला कळलं.

"घाबरलीवतीस का?" तिनं विचारलं.

आबा माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही," मी म्हणाले.

ती हसायला लागली. इतकं हसली की सुपातली तूर सांडली. मग आबांना म्हणाली, "जेवूनच जावा आता." आबा म्हणाले, "नको नको, आमी खाऊनच निघालोत." मी म्हणाले, "आम्ही काहीच खाल्लेलं नाही." तेव्हा मिरच्या कांडणारी बाईसुद्धा हसली. आबा मात्र जमिनीकडे बघत होते. आम्ही जेवलो. बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मी पोट भरल्यावर बास म्हणाले आणि तिनं मला खरंच पुढे वाढलं नाही.

निघताना ती आबांशी बोलली. "पोर खोटी न्हाई तुमची. पन आमचं घर वीस मानसांचं. हितं दिसभर एकमेकांची तोंडं बघून चालावं लागतं. ही हितं वाळून जाईल आन आमीबी वैतागून जाऊ. मी सांगते ऐका, तिला शिकाया घाला. चार मानसांत ऱ्हाईल, बोलाया शिकंल. मग कुनीबी करून घेईल."

परतीच्या गाडीत मामा आमच्यापासून दूर जाऊन बसले. आबा खिडकीबाहेर बघत होते. निम्म्या वाटेवर ते म्हणाले, "तो कागद कुठाय?"

"पेटीत."

"उद्या जाऊ."

म्हणजे मी कॉलेजात गेले ती बोलायला शिकण्यासाठी. बाकी पोरींचे बाप त्यांना मास्तरीण व्हायला पाठवत होते, माझ्या बापानं मला रोगावर औषध म्हणून पाठवलं. औषध लागलं का, असं कुणी विचारलं तर मला दोन्ही उत्तरं द्यावी लागतात. मी नियम शिकले, एकेक करून, पाढ्यांसारखे. 'नको' तीनदा म्हणेपर्यंत वाढायचं. 'या कधीतरी' म्हटलं तर लगेच निघायचं नाही. कपाळाच्या मधोमध बघितलं तर समोरच्याला आपण डोळ्यांत बघतोय असं वाटतं. पुढे माती तपासायच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी झाली आणि माझ्या हातचं आग्रहाचं जेवण नातेवाइकांत वाखाणलं गेलं. पाहुणे गेले की मी खोली बंद करून तासभर पडून राहायचे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि गंमत अशी, की निवृत्त झाल्यापासून वाटी खरवडल्याचा आवाज मला पुन्हा लहानपणीसारखाच झोंबतो. मधली वर्षं तो कुठे गेला होता, कोण जाणे. नानांचं उलट झालं. म्हातारपणी त्यांना ऐकू येईनासं झालं आणि मग ते लग्नात बँडच्या अगदी पुढे खुर्ची टाकून बसू लागले. विहिरी मात्र शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. ओमचं पुढे काय होईल, ह्याबद्दल डॉक्टरीणबाईंनीही काही सांगितलं नाही. बदलत जातं, एवढंच म्हणाल्या.

आबा मला बीडला सोडायला आले तो दिवस. मुलींचं वसतिगृह एका जुन्या दुमजली इमारतीत होतं. एका खोलीत सहा खाटा, पत्र्याचं कपाट, रेडिओ लावलेला, दोघी भांडत होत्या, एक गात होती. मी दारातच थांबले. आबांनी पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "काय लागलं तर सांग." सगळेच बाप असं म्हणतात. मी सांगायला लागले: कुलूप, बादली, खोबरेल तेल, पत्रं लिहायला कागद.  आबा बाजारात गेले आणि सांगितलेलं सगळं घेऊन आले. "आनखी?" त्यांनी विचारलं. त्यांनी खरंच विचारलं होतं.

मी म्हणाले, "ह्या खोलीत मला झोप येणार नाही. एकटीची जागा पाहिजे."

वसतिगृहाच्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. आबा त्यांच्यापुढे टोपी हातात घेऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कुणा अधिकाऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, नियमात बसत नाही, सहाजणींत राहायची सवय होईल हळूहळू, त्यासाठीच तर पोरींना बाहेर पाठवायचं असतं. मला वाटलं आबा 'बरं' म्हणतील. ते त्याचसाठी मला घेऊन आले होते.

"जिन्याखाली ती सामानाची खोली हाय, ती बघितली मी," आबा म्हणाले. "खाट बसती तिथं."

"अहो, खिडकी नाही तिला."

"चालतंय. आमच्या घरात माझा भाऊ हाय, त्यालाबी असंच लागतं. लई वर्सं आमी त्याला घरात झोपवाया बघितलं. मी मारलंबी त्याला त्यापायी." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "बाई, हिला सवय लावू नका. हिला खोली द्या."